घोडं ठाणावर बांधायचं सामान : पहिल्यांदाच घोडं घेणाऱ्यांसाठी

आषाढीच्या आधी माऊलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, मग तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, अश्व पळतात, आणि आमच्या सातारा जिल्ह्यात पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी घोडं घेतंच. मग फोन येतो, "दादा, घोडी आणलीय, कुठं बांधू?" कुठं बांधू एवढंच विचारतात, कशानं बांधू हे विचारत नाहीत, कारण गोठ्यात म्हशीचं दावं असतंच आणि तेच घोडीच्या गळ्यात जातं.

मीपण तेच केलं होतं. वाईजवळ आमचं शेत आहे, तिथं आंब्याच्या बुंध्याला पहिली घोडी नायलॉनच्या दाव्यानं बांधली, दावं चांगलं बारा फूट लांब ठेवलं, म्हटलं बिचारीला फिरता यावं. सकाळी गेलो तर दाव्याचा विळखा मागच्या पायाला, खुराच्या वर जिथं पाय वाकतो तिथली कातडी सोलून आतलं मांस दिसत होतं, मानेवरचा घाम वाळून पांढरं मीठ धरलेलं, आणि ती तीन पायांवर थरथरत उभी होती. रात्रभर तशीच असणार. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दीड महिना रोज ड्रेसिंग केलं. ती जागा बरी झाली पण तिथं केस आले ते पांढरेच, तांबड्या पायावर पांढरं कडं. अजून खरारा करताना हात तिथं आला की मला ती सकाळ आठवते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. म्हशीला किंवा बैलाला दाव्याचा ताण लागला की बहुतेक वेळा ती थांबतात. घोड्याचं उलटं असतं. त्याचा जीव पळण्यावर चालतो, आणि डोक्याच्या मागं, कानांच्या पाठीमागं ताण बसला की न शिकवलेलं घोडं अजून जोरात मागं ओढतं, जितकं अडकलंय वाटतं तितकं घाबरतं, जितकं घाबरतं तितकं ओढतं. शांत उभ्या घोड्याला चिंधीनं बांधलं तरी ते उभं राहील. सामान घ्यायचं ते बुजल्यानंतरच्या दहा सेकंदांसाठी. प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारायचं, हे घोडं आत्ता सगळा जीव लावून मागं गेलं तर काय तुटेल, काय सुटेल, आणि मला एका हातानं ते सोडवता येईल का.

आता जागा. जमत असेल तर रात्री घोडं बांधूच नका, मोकळं सोडता येईल अशी खोली करा, लहान चणीच्या घोड्याला १० बाय १० फूट, मोठ्याला १२ बाय १२. जागा नसेल तर मग बांधायचं ठाण, साधारण ५ फूट रुंद आणि ८ ते ९ फूट लांब, दोन ठाणांमध्ये भक्कम फळ्यांची आडभिंत, खाली जमीन घसरडी नको. नुसती कोबा केलेली फरशी असेल तर त्यावर रबरी मॅट आणि भुसा किंवा पेंढा टाका. मग एक काम नक्की करा, संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी बंद ठेवून भिंतीवरनं, खांबावरनं, गव्हाणीच्या कडेवरनं नुसता तळहात फिरवत जा. खिळ्याचं टोक, पत्र्याची धार, तारेचा तुकडा हे हाताला जसं सापडतं तसं डोळ्याला सापडत नाही. घोड्याचा डोळा, ओठ आणि म्होरकी, म्हणजे तोंडावर चढवतो ती पट्ट्यांची बांधणी, नेमकी तिथंच अडकते.

दोर बांधायची कडी कशात बसवायची यावर लोक सगळ्यात जास्त चुकतात. विटेच्या भिंतीत प्लॅस्टिकचा गट्टू ठोकून त्यात स्क्रूची कडी फिरवली तर ती पहिल्याच झटक्याला निघते, आणि मग दोराच्या टोकाला लोखंड लटकवत घोडं पळत सुटतं. त्यापेक्षा भयंकर दुसरं काही नाही, ते लोखंड पायावर आपटत जातं आणि ते आणखी उधळतं. कडीला १२ एमएमचा आयबोल्ट घ्या, भिंतीच्या आरपार भोक पाडून मागच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी लोखंडी प्लेट टाकून नट आवळा. भिंत नसेल तर बाभळीचा किंवा सागाचा ६ ते ८ इंच जाडीचा खांब ३ फूट खोल गाडा, भोवती दगड ठोकून भरा. गेटला, पत्र्याच्या दाराला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, मोटारसायकलला कधीच नाही. जे हलतं किंवा उचकटतं ते बांधायला नाही.

उंचीचं गणित सोपं आहे. थोडा वेळ बांधायचं असेल, खरारा करायला, खोगीर टाकायला, तर कडी घोड्याच्या मान आणि पाठीच्या मधल्या उंचवट्याएवढी किंवा त्याच्या थोडी वर. आपल्याकडचं घोडं धरा १४ हातांचं, एक हात म्हणजे ४ इंच, म्हणजे ५६ इंच झाले, तर कडी पावणेपाच-पाच फुटांवर बसवा. खाली बसवलेल्या कडीवर घोडं मागं ओढतं तेव्हा त्याला पाय रोवून सगळी ताकद लावता येते आणि मानेला इजा होते, वर असेल तर तेवढा जोर लागत नाही.

म्होरकी. हिच्यात कंजूषी करू नका. बाजारात नायलॉन पट्ट्याची म्होरकी मिळते, रंगीत असते, दिसायला छान, पण ती तुटत नाही. चामड्याची घ्या, किंवा नायलॉनचीच असेल तर कानामागून जाणारा पट्टा काढून त्या जागी चामड्याचा एकेरी पट्टा चप्पलवाल्या कारागिराकडून शिवून घ्या, वेळ आली तर तेवढाच भाग तुटेल आणि घोड्याची मान वाचेल. नाकावरचा पट्टा गालाच्या हाडाखाली दोन बोटं यावा, आत दोन-तीन बोटं सहज जावीत. फार खाली नाकपुडीजवळ आला तर तिथलं हाड पातळ असतं, ओढल्यावर इजा होते. फार ढिली असेल तर खाज आली म्हणून कान खाजवायला मागचा पाय वर आणला की खूर आत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बारीक दोरीची गाठीगाठीची म्होरकी शिकवायला चांगली, बांधून ठेवायला नको, ती काचते आणि तुटतपण नाही. आणि लगामाला बांधणं तर अजिबात नको. पाचगणीला टेबल लँडवर किंवा कुठंही, पर्यटक उतरल्यावर दोन मिनिटांसाठी म्हणून लगामाच्या वाद्या खांबाला गुंडाळलेल्या दिसतात. लगामाचं लोखंड तोंडात असतं, झटका बसला की जीभ आणि जबडा फाटतो. लगामाच्या खाली म्होरकी ठेवायची आणि बांधायचं ते म्होरकीला.

गळ्यात नुसता दोर बांधायची सवय असेल तर ती सोडा. सोडवतच नसेल तर रुंद चामडी गळपट्टा, बकलचा. सरकणारा फास गळ्यात कधीच नको.

दोर सुती घ्या, अंगठ्याएवढा जाड, ८ ते १० फूट. घायपाताचा किंवा काथ्याचा दोर कातडी खरवडतो, नायलॉन घासलं की भाजल्यासारखी जखम करतं, तुमच्या तळहाताला पण. सुती दोर पावसात भिजला की फुगतो आणि गाठ बसते, म्हणून पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांनी दोन दोर ठेवावेत, एक वापरात आणि एक वाळत. दोराच्या टोकाचा हुक म्होरकीच्या हनुवटीखालच्या कडीत लावताना हुकाचं उघडणारं तोंड घोड्याच्या जबड्यापासून लांब, बाहेरच्या बाजूला ठेवा, आत असेल तर ओठ किंवा नाकपुडी त्यात अडकू शकते. खटका खाली ओढला की ताणातसुद्धा सुटतो तो पॅनिक हुक मिळाला तर तोच घ्या. बैलाचा जाड स्प्रिंगचा हुक ताण असताना उघडत नाही.

मग सुतळी. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. दोर थेट लोखंडी कडीला बांधायचा नाही, कडीत तागाच्या सुतळीचा एक फेरा बांधायचा आणि दोर त्या फेऱ्याला. घोडं घाबरून ओढलं तर सुतळी तुटते, घोडं मागं जातं, दोन पावलं जाऊन उभं राहतं, आणि दोर अजून म्होरकीला लटकत असतो म्हणून धरता येतं. एकच फेरा ठेवा, चार-पाच गुंडाळले तर ती तुटणारच नाही आणि सगळं वाया. प्लॅस्टिकची सुतळी चालत नाही, ती ताणते पण तुटत नाही. ज्यांचं शेड बंगळूर हायवेच्या कडेला उघडं आहे त्यांनी सुतळी वापरायच्या आधी कुंपण आणि गेट करून घ्या, कारण सुटलेलं घोडं रस्त्यावर जाणं हे बांधलेल्या घोड्यापेक्षा वाईट. काहीजण म्हणतात सुतळी तुटली की घोड्याला ओढायची सवय लागते, ते खरंय, काही घोडी शिकतात. अशा घोड्यासाठी वेगळी टाय रिंग मिळते, तिच्यातून दोर ताणल्यावर हळूहळू सरकत राहतो, त्याला अडकल्यासारखं वाटत नाही आणि एकदम सुटकाही मिळत नाही. पण नवख्या माणसानं सुतळीपासूनच सुरुवात करावी.

दोराची लांबी हाताएवढी, कडीपासून म्होरकीपर्यंत साधारण दोन फूट. डोकं नीट धरता यावं पण तोंड जमिनीला टेकू नये, एवढंच. जमिनीला टेकलं की पुढचा पाय दोरावरून जातो, आणि मग माझ्या घोडीसारखं होतं.

गाठ. आपल्याकडं आज्ज्या सुरगाठ आणि निरगाठ असा फरक करायच्या, ओढली की सुटते ती सुरगाठ. घोड्याला नेहमी सुरगाठ. हातात दोर घेऊनच वाचा. दोराचं मोकळं टोक सुतळीच्या फेऱ्यातून ओवा. आता दोन पदर झाले, एक घोड्याकडं जाणारा, एक मोकळा. मोकळ्या पदराचा एक गोल करा, आणि तो गोल घोड्याकडच्या पदरावर आडवा ठेवा. मग मोकळ्या पदराची दुमड करा, म्हणजे दोर मधेच दुहेरी धरायचा, टोक हातात घ्यायचं नाही, आणि ती दुमड घोड्याकडच्या पदराच्या मागून आणून गोलातून बाहेर काढा. दुमड ओढून घट्ट करा आणि गाठ कडीकडं सरकवा. सोडताना मोकळं टोक एकदाच जोरात ओढायचं. गोलात बोट घालून गाठ कधीच घट्ट करू नका, त्याच क्षणी घोडं मागं गेलं तर बोट जातं, अशानं लोकांची बोटं तुटलेली आहेत. दोर तळहाताभोवती गुंडाळायचा नाही हेपण त्यातलंच. घरी खुर्चीच्या हाताला बांधून पन्नास वेळा करा, मग डोळे मिटून करा, कारण लाईट गेल्यावर गोठ्यात तेच लागणार आहे. काही घोडी हुशार असतात, टोक दातांनी ओढून स्वतःच सुटतात, मग लोक टोक दुमडीतून ओवून ठेवतात. ठेवलंत तर लक्षात असू द्या, सोडायच्या आधी ते टोक बाहेर काढावं लागतं, ते एक सेकंद वाढलं.

आणि हे मान्य करा की फार ताण बसला की सुरगाठसुद्धा आवळते. म्हणून ठाणाच्या बाहेरच्या बाजूला, घोड्याचं तोंड पोचणार नाही अशा ठिकाणी दातेरी विळा म्यानात घालून टांगलेला पाहिजे. कापताना विळा सुतळीला किंवा दोराला लावायचा, धार घोड्यापासून लांब, आपल्या अंगापासूनही लांब.

रात्रभर बांधायचं असेल तर वरचं सगळं पुरत नाही, आणि इथं मी जरा थांबतो कारण हे कुणी सांगत नाही. घोडं उभ्यानं डुलकी घेतं, पायांची रचना तशी असते, पण गाढ झोपेसाठी त्याला दिवसात थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. दोन फुटांच्या दोरावर ते पडू शकत नाही. दिवसामागून दिवस न पडलेलं घोडं उभ्याउभ्या कोसळतं आणि गुडघ्यावर किंवा खुराच्या वर समोरच्या बाजूला खरचटतं. अशा जखमा पुन्हा पुन्हा दिसल्या तर आधी बांधायची पद्धत तपासा. दुसरं, डोकं तासन्‌तास वर बांधून ठेवलं की नाका-घशातला चिकटा खाली गळून बाहेर पडत नाही, छातीत उतरतो, निमोनिया होतो. टेम्पोतून लांब नेतानापण हेच, थांबेल तिथं डोकं खाली करू द्या.

त्याच्यावर जुना उपाय आहे, लाकडी गोळ्याचा. कडी गव्हाणीच्या उंचीला, तीन फुटांच्या आसपास बसवायची, कडी मोठी आणि गुळगुळीत पाहिजे. दोर म्होरकीपासून कडीतून आरपार जाऊन खाली लोंबतो, आणि त्याच्या टोकाला लाकडाचा गोळा, किलो-दीड किलोचा, कडीतून निघणार नाही एवढा मोठा. गोळ्याच्या मधोमध भोक पाडून दोर ओवायचा आणि खाली गाठ मारायची. लांबी अशी ठेवा की घोडं गव्हाणीपाशी उभं असताना गोळा जमिनीला नुसता टेकावा. घोडं मागं सरलं की गोळा वर उचलला जातो, पुढं आलं की खाली येतो, दोर नेहमी जरा ताणलेला राहतो आणि त्याचा झोळ कुठंच पडत नाही, म्हणून पाय अडकत नाही. आणि घोडं बसलं तर गोळा कडीपर्यंत वर जातो आणि त्याला तोंड खाली टेकता येतं. पहिल्या रात्री तिथंच बसून राहा, ते बसल्यावर दोर पुरतो का बघा, पुरत नसेल तर दोन-चार इंच वाढवा. सुतळी इथं बसत नाही, म्हणून म्होरकी चामड्याचीच आणि हुक पॅनिक हुकच. आमच्या घोडीनं पहिल्या दोन रात्री गोळा खडखड वाजला की कान टवकारले, तिसऱ्या रात्री बसली. मी पेंढ्यावर पडलो होतो, तिचा उसासा ऐकून उठलो, बॅटरी लावली तर ती पाय पोटाशी घेऊन झोपली होती आणि गोळा कडीला टेकून हलत होता.

दोन्ही बाजूंनी बांधायची पद्धत, म्हणजे डाव्या-उजव्या भिंतीवरून दोन दोर, खरारा आणि औषधपाणी करताना सोयीची आहे, फक्त दोन्ही दोरांना भिंतीकडं सुतळी पाहिजे आणि माणूस जवळ पाहिजे. साखळ्या वापरू नका.

अगाडी-पिछाडी, म्हणजे घोडं पुढून आणि मागून दोन्हीकडून दोरांनी बांधणं. पागेत, छावणीत घोडी खेटून उभी असायची, एकमेकांना दुगाण्या झाडायची, म्हणून मागच्या पायांना दोर लावून मेखेला बांधायचे, आपण "पायबंद घातला" म्हणतो तो शब्दच तिथून आलाय. जाणत्या मोतद्दाराच्या, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्याच्या, हाताखाली ते ठीक होतं. तुम्ही घरच्या ठाणात ते करू नका, मधे भिंत असताना गरजच नाही, आणि पडलेल्या घोड्याला उठायला मागचे पाय मोकळे लागतात.

यात्रेला किंवा वरातीला नेलं तर भिंत नसते. तिथं दोन मजबूत झाडांच्या मध्ये घोड्याच्या डोक्याच्या वर, ७ फुटांवर, दोर ताणून दावण करा, तिला सुतळीचे फेरे लावा, दोन घोड्यांत इतकं अंतर की लाथ पोचू नये. डीजेच्या आणि फटाक्यांच्या जवळ घोडं बांधून जेवायला जाऊ नका. तिथं बांधायचंच नाही, माणसानं दोर हातात धरून उभं राहायचं. नालबंद आला की पण तेच.

शिंगराला किंवा कधीच न बांधलेल्या घोड्याला पहिल्या दिवशी कडीला बांधू नका, कोवळी मान असते. आधी हातात दोर धरून हलका ताण द्या, ते अर्धा इंच जरी डोकं खाली-पुढं आणलं तरी लगेच ढिलं सोडा. पुन्हा. रोज दहा मिनिटं. ताण लागला की पुढं यायचं हे त्याला कळलं की मग दोर कडीतून नुसता ओवून टोक तुमच्या हातात, गाठ नाही. ते आठ-पंधरा दिवस जमलं की मग सुतळी आणि सुरगाठ.

आणि झालंच कधी, घोडं मागं ओढायला लागलं, तर ओरडू नका, समोरून धावू नका, मानेखालून वाकून जाऊ नका. खांद्याच्या बाजूनं, भिंतीच्या आणि घोड्याच्या मध्ये न अडकता, मोकळं टोक ओढा. नाही सुटलं तर विळा. सुटल्यावर त्याला जिथं थांबायचं तिथं थांबू द्या, मग हळू बोलत जा. कानामागं हात फिरवून सूज बघा, डोळे बघा, आणि दहा पावलं चालवून बघा. मागचा भाग डुलतोय, पाय आडवेतिडवे पडताहेत असं वाटलं तर मानेच्या मणक्याला मार असू शकतो, त्याला जागचं हलवू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा. दोरानं काचलं असेल तर जखम कितीही लहान दिसू द्या, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालंय ते वहीत बघा. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो आणि धरल्यावर वाचवणं अवघड असतं.

सुतळी पावसाळ्यात पंधरा दिवसांनी बदला, कुजलेली असेल तर घोड्यानं माशी उडवायला मान हलवली तरी तुटेल. चामडं महिन्यातून एकदा तेल लावून वाकवून बघा, चिरा दिसल्या तर बदला. कडीचा नट हातानं फिरतोय का बघा. सुतळी सोडून बाकीचं आमच्याकडं दर अमावस्येला करतो, तारीख लक्षात राहते म्हणून.